तीन नंबरचा पंप

बारकाच्या किनाऱ्यावर आमचा कारखाना
समुद्राचं खारेपण काढून घेतो
आणि उरलेलं पाणी मस्कतला पाठवतो.
मी मापकं तपासतो. दाबाची, तापाची, वाहण्याची.
काटा शून्यावर नसेल तर आणतो,
पिवळं स्टिकर लावतो, तारीख, खाली सही : तांडेल.

बस पावणेपाचला.
चार वर्षं झाली, एका बंदिशीचा मुखडा
माझ्याबरोबर त्याच सीटवर बसतो, खिडकीकडे.
अंतरा आलेला नाही.
कधीमधी नखलच्या फाट्याजवळ येतो म्हणतो,
दोन स्वर पुढे टाकतो,
तेवढ्यात गेट. बोट ठेवा.
यंत्र बोट ओळखतं तोवर
तो उतरून गेलेला असतो.

आई फोनवर विचारते, पेटी आहे का विकलीस?
आहे, खाटेखाली.
बाहेरची हवा घामट, खोलीतली बर्फाची,
दोघींच्या भांडणात धैवत गंजतो.
महिन्यातून एकदा सूर काढून बसतो,
टोकाशी घासला की चढतो, मुळाशी घासला की उतरतो.
कानस कंपनीची. कंपनीला माहीत नाही.
थॉमस रात्रपाळीला गेला की वाजवतो,
वर टॉवेल टाकून,
ताप आलेल्या पोराला पांघरूण घालावं तसा.

गुरुवारी रुवीला.
इक्बाल मुकादम, मूळचा दाभोळचा,
दिवसभर दह्याचे क्रेट उतरवतो.
पहिली दहा मिनिटं तबला नाहीच,
नुसते तळहात चोळतो.
मृदुला खोतची ड्यूटी संपली तर ती गाते.
नाही संपली तर आम्ही दोघं
तिची जागा मोकळी सोडत वाजवतो,
पंगतीत ताट वाढून ठेवतात ना, तसं.

गेल्या मार्चमध्ये तीन नंबरचा पंप उतरला.
उतरला, म्हणजे सुरात उतरला.
दोन वर्षं काळी एक धरून होता,
त्या दिवशी सुई जाईल इतका खाली.
मापकं सगळी ठीक. ठीक असणारच,
मीच तपासलेली.
कानातलं एक बूच काढून पुन्हा ऐकलं
आणि सालेमला म्हटलं, थांबव.

सालेम अल-अरैमी, माझा साहेब.
त्याचे आजोबा सूर गावात होड्या बांधायचे,
फळी ठोकून ऐकायचे, मग घ्यायचे.
तो पंपापाशी आला, डोळे मिटून उभा राहिला.
म्हणाला, मला काही ऐकू येत नाही.
पण थांबवतो.

बेअरिंग उघडलं तर आतून ओरबाडलेलं.
फार तर आठवडा काढला असता.

मग छापील फॉर्म.
दोष काय : बेअरिंग. कुठे : पंप तीन.
कसं कळलं : इथे पेन अडलं.
कान लिहिलं असतं तर
कानाचं प्रमाणपत्र मागितलं असतं,
शेवटची तपासणी कधी झाली, कोणी केली.
काय सांगणार होतो?
तात्या केळसकरांनी, वेंगुर्ल्याला, मारुतीच्या देवळामागे,
सहावी ते बारावी,
चुकलो की पेटीचं झाकण बोटांवर?
लिहिलं : कंपनमापक.
सालेमने वाचलं. माझ्याकडे बघितलं.
सही केली.

आता बेअरिंग नवं, पंप जरा चढा.
काळी एक आणि पांढरी दोनच्या मधल्या
कुठल्याशा फटीत गातो,
पेटीवर जिला पट्टीच नाही.
परवा डबा घेऊन तिथेच बसलो,
मुखडा नेऊन त्या फटीत ठेवला.
पुढे काहीतरी आलं.
अंतराच होता का, छातीठोक नाही सांगत.
कागद नव्हता, म्हणून पिवळ्या स्टिकरवर
बारीक अक्षरात स्वर लिहिले, तारीख टाकली,
आणि हाताच्या सवयीने खाली :
पुढील तपासणी सहा महिन्यांनी.